बाईनं टाकलेला नांगर

इथं सगळ्यांचे अनुभव मी वाचत असते. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाला रिकाम्या खोलीत पैंजण ऐकू येतात… वाचते, हसते आणि भाजी फोडणीला टाकायला उठते. भूत, चकवा, करणी — हे काही माझ्याकडं कधी फिरकलं नाही, आणि फिरकलं असतं तर मी त्याला आधी नाव-गाव विचारलं असतं. माझं माहेर आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरणारं घर. माळावर अंधाराला भ्यायलो तर मेंढरं राखणार कोण? शाळा म्हणाल तर नाहीच. अक्षरं मी लग्नानंतर शिकले. आमचे हे फौजेतून पत्र पाठवायचे आणि ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची, म्हणून शिकले. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण जे सांगतेय ते दिवसाढवळ्या घडलंय, मी एकटी नव्हते आणि पूर्ण शुद्धीत होते. ज्यांना 'भास' म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं… पण आधी पुरतं वाचावं.

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. हे सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि आम्ही सातारा सोडून ह्यांच्या गावाकडं राहायला गेलो. गाव कसलं, कोयनेच्या फुगवट्याच्या काठावरची एक वाडी. मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. निम्मे लोक सांगलीकडं वसवले, उरलेले डोंगरावर सरकून बसले. बाजार, दवाखाना, साताऱ्याची एसटी, सगळं पाण्यापलीकडं. पायी जायचं तर आख्खा डोंगर वळसा घालून दिवस जाणार.

हे फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते, बोटी चालवलेल्या. त्यांनी कुठून तरी एक जुनी फायबरची मोटरबोट आणली आणि पैसे घेऊन वाडीतल्या माणसांची ने-आण सुरू केली. बाकीच्यांच्या होड्या पुढून उघड्या असायच्या, हिचं नाक वरून बंद. पुढं झाकण, खाली सामान ठेवायची पोकळी. वाडीनं लगेच नाव ठेवलं, 'झाकणी'. लाटेचं पाणी आत यायचं नाही हे चांगलं, पण उतरताना माणसाला त्या गुळगुळीत झाकणावरून चालत जाऊन खाली उडी मारायला लागायची. धोतरवाले म्हातारे तिथं अशी काही कसरत करायचे की काठावरच्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. शेवटी मी झाकणावर ओलं पोतं अंथरायला लागले.

आता बोट काठाला कशी लावतात ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरळ नेऊन काठावर आदळायची नसते. काठ थोडा लांब असतानाच मागच्या बाजूनं नांगर पाण्यात सोडायचा. नांगर म्हणजे लोखंडाचा आकडा, दोरीला बांधलेला. तो तळाला रुतला की दोरी सैल सोडत हळूहळू पुढं यायचं, इंजिन बंद करायचं, वर उचलून ठेवायचं म्हणजे त्याची पाती दगडाला लागत नाहीत. मग नाक आपसूक चिखलात टेकतं. मागून नांगरानं धरलेलं असतं म्हणून वाऱ्यानं बोट आडवी होत नाही. निघताना तीच दोरी ओढायची, बोट मागं मागं खोल पाण्यात जाते. ह्यांचं बघून बघून मी सगळं शिकले. इंजिनाची दोरी खेचायला दम लागतो म्हणतात. आडातून पाणी ओढून मोठी झालेली बाई मी, मला कसला दम?

एका हिवाळ्यात हे त्याच झाकणावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हात गळ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला, बोट सोडली आणि पलीकडं जाऊन आले. कुणाला काही वाटलं नाही. म्हणजे, बोट चालवली त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण परत येताना मी नांगर टाकला आणि काठावर गणूतात्या उभे होते…

गणूतात्या म्हणजे वाडीतला अंतिम शब्द. सत्तरीला टेकलेले, उंच, सुकलेले, पाण्याखालच्या मूळ गावात जमीन कसलेल्यांपैकी शेवटचे. ते काठीवर हात ठेवून म्हणाले, "सुभेदारीणबाई, काय टाकलंसा त्ये?"

"नांगर, तात्या."

"बाईनं नांगराला हात लावायचा नसतोय."

मला वाटलं चेष्टा करतायत. "आवं तात्या, हा बोटीचा नांगर. ह्याला बैल न्हाईत."

"नांगर त्यो नांगर. मागं एका बाईनं धरला हुता… गाव पाण्यात गेलं."

मी तिथंच म्हणाले, "गाव धरणानं बुडालं, तात्या. धरण सरकारनं बांधलं. त्या बाईनं न्हवं!"

मी असं म्हणाले आणि तात्यांच्या चेहऱ्यावर काही तरी येऊन गेलं. राग नव्हता तो. पण ते वळून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून बोटीत एक पुरुष बसेना. मनगट जुळून येईना, महिने गेले. बाया तेवढ्या बसायच्या. आमच्या शेजारची बायजाक्का तर मुद्दाम कोंबडी काखेत मारून यायची आणि मोठ्यानं म्हणायची, "चल गं बया, बुडलो तर दोघी आन् कोंबडी!"

मग तात्यांचा भाचा संपत आमच्या ओसरीवर येऊन बसला. "मामी, सुभेदारमामांचा हात बरा हुईस्तवर बोट मी चालवतो. आखितीला वाडीची बैठक हाय, तिथं ठरवून टाकू." गोड बोलत होता. पण एकदा दुसऱ्याच्या हातात गेलेली बोट परत येते होय? पेन्शन सोडली तर आमच्या घरात येणारं सगळं त्या बोटीवर होतं. आणि खरं सांगू? त्यापेक्षा मोठं म्हणजे, पाणी बघायला आडात वाकावं लागायचं अशा मुलखातली मी, पहिल्यांदा एवढ्या पाण्यावर माझी सत्ता होती. ती मी सोडणार नव्हते.

ह्यांनी फौजी डोकं चालवलं. म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? आपण त्याला अँकर म्हणू. अँकर टाकला, अँकर उचलला. बाईनं अँकर टाकू नये असं कुठल्या शास्त्रात लिवलंय?" तात्यांनाही ते पटण्यासारखं होतं म्हणे. नांगर नाही, अँकर — मग चालेल.

मी म्हणाले, "न्हाई."

"आता काय न्हाई?"

"लोखंड तेच, दोरी तीच, हात माझाच. अँकर म्हटलं की चालतंय आणि नांगर म्हटलं की बाटतंय? मग बाटतंय काय, लोखंड का शब्द? मी नांगरच म्हणणार. टाकणार पण नांगरच."

हे कपाळाला हात लावून बसले. डावा.

आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीची गोष्ट. वैशाखाचं ऊन, दुपार उतरत आलेली. मी पलीकडच्या काठाला होते. बायजाक्का बाजार करून आली होती. आणि बघते तर तात्या! साताऱ्याला डोळे दाखवायला गेले होते, एसटी उशिरा आली, पुरुषमाणसं हल्ली जिच्यातनं जायची ती संपतच्या ओळखीची लाँच केव्हाच निघून गेलेली. पायी जायचं तर अंधार. उभे राहिले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं…

बायजाक्का म्हणाली, "बसा की तात्या. डोळ्यात औषध घातलंय न्हवं? मग बाईचा नांगर दिसायचाच न्हाई तुमास्नी."

तात्या चढले आणि नांगराकडं पाठ करून बसले. सबंध वाटेत मान वळवली नाही.

निम्म्यावर आलो तर पश्चिमेला आभाळ काळं झालं. वळवाचा वारा सुटणार हे कळत होतं. आमच्या वाडीखाली एक लहान खाडीसारखी आत शिरलेली जागा आहे, तिथं बोट लावायची. एका अंगाला मऊ चिखल, दुसऱ्या अंगाला कातळ. मी नेहमीसारखा नांगर सोडला, दोरी सैल केली, इंजिन बंद करून वर उचललं. नाक टेकलं. बायजाक्का पोत्यावरून सरसर उतरली, कोंबडीसकट.

तात्या उठले. मी हात पुढं केला. तात्यांनी घेतला नाही. तेवढ्यात वारा आला.

आला म्हणजे कसा… मागून कुणी धक्का मारावा तसा. बोटीचं शेपूट उचललं, आपटलं, आणि नाक चिखलातून सुटून बोट आडवी व्हायला लागली. मी दोरी धरली. नांगर घसरत होता! हाताला कळतं ते, तळाशी लोखंड खरवडत येतंय, धरत नाही. कातळ इतका जवळ आला की त्याच्यावरचं शेवाळ दिसत होतं. इंजिन खाली टाकावं तर पाती दगडाला लागून तुटणार. फायबरची बोट, दोन आपट्यांत फुटली असती. आणि आत तात्या, पोहता येत असेल-नसेल, डोळ्यात औषध घातलेले. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? बुडालो तर म्हणतील, बाईनं नांगर धरला म्हणून. मला मरायची भीती नव्हती वाटली, ह्या वाक्याची वाटली. मी ओरडले, "धर की रं मुडद्या!" नांगराला ओरडले मी.

आणि दोरी ताठ झाली.

नांगर रुतला की एक झटका बसतो, तो मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. दोरी ताठ झाली आणि चालायला लागली. बोट शेपटाकडून, वाऱ्याच्या तोंडावर, कातळापासून बाजूला ओढली जायला लागली. इंजिन वर, बंद, त्याच्या पात्यांवरून पाणी ठिबकतंय. मी फक्त दोरी धरलेली. बोट खोल पाण्यात आली, जरा थांबली, आणि मग काठाला धरून सरळ रेषेत निघाली. वारा आडवा मारतोय, लाटा झाकणावर फुटतायत, आणि ही सरळ, संथ चाललीय… बैल चालतात त्या चालीनं.

मी घाबरले नाही असं नाही. पण दोरी सोडली नाही.

मागून तात्यांचा आवाज आला. "आता बांध येतोय."

मी वळून बघितलं. तात्या आता तोंड इकडं फिरवून उभे होते, वाऱ्यात, काही न धरता. पाण्याकडं बघत होते.

"बांध आला. वळंल आता."

आणि बोट वळली. अगदी जागच्या जागी वळली आणि आल्या वाटेच्या शेजारून परत निघाली. दुसऱ्या टोकाला तात्या पुन्हा म्हणाले, "हितं आंब्याचं झाड हुतं. वळसा घिऊन जाईल." तिथं पाण्यावर काहीही नव्हतं. बोटीनं तिथं अर्धा वळसा घेतला, जसं काही एखादं झाड चुकवतेय, आणि पुन्हा सरळ झाली. तात्या पुढं येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. दोरीवर त्यांनी वरून हात ठेवला, नांगराच्या मुठीवर ठेवतात तसा, दाबून. आणि तोंडानं बैलांना घालतात तशी हाळी घातली, हलकी, कुणाला ऐकू जाऊ नये अशी.

काठावरून बायजाक्का बोंबलत होती, "अगं ए! वाऱ्यात काय मिरवतीस? लाव की बोट!" तिला वाटत होतं मीच चालवतेय!

अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या, मग वारा पडला तशी दोरी सैल पडली. बोट खाडीच्या मधोमध उभी राहिली, हललीसुद्धा नाही.

मी नांगर ओढून घेतला. हलकासा वर आला. आणि आता जे सांगतेय ते नीट वाचा. नांगर पाण्यातून वर आला, दोरीतून पाणी गळत होतं, पण त्याच्या दोन्ही दात्यांत माती अडकली होती. चिखल नव्हे, गाळ नव्हे. कोरडी माती! भुसभुशीत, उन्हात तापलेली, नुकतं वावर नांगरल्यावर असते तशी. मी हात लावला तर बोटांमधून गळून पडली. कोमट होती.

तात्यांनी ओंजळ पुढं केली. उरलेली माती मी त्यात झाडली. ते खाली बसले आणि रडायला लागले. एवढा उंच माणूस, गुडघ्यात मान घालून.

मी इंजिन सुरू केलं नाही. बसले शेजारी. मग तेच बोलले.

"आबा, माझं वडील, अंथरुणाला हुतं. मी तवा मुंबैत गिरणीत. पाणी येणार ह्ये समद्यांना ठावं हुतं, आमचं वावर जाणार ह्येबी. तरी आईनं औत जुपलं. म्हणली, पडीक कशाला द्यायचं पाण्याला, नांगरून दिऊ. भावकीनं बघितलं. शेवटची दोन-तीन तासं ऱ्हायली हुती, तवा तिच्या हातातनं नांगर काढून घेतला. मारलं बी. आन् पाणी आलं तवा समदं गाव म्हणलं, हिनं धरला म्हणून आलं. सूनबाई, मी बी तसंच म्हणलो. मरंस्तवर ती कुणाच्या समोर आली न्हाई. मी बी म्हणलो…"

तास म्हणजे नांगराची एक रेघ. ती राहिलेली दोन-तीन.

मी एवढंच म्हणाले, "तात्या, झाली पुरी आता."

ते म्हणाले, "व्हय. झाली."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि फौजी हिशेब मांडला. वारा काठाला आपटला की खालून उलटा प्रवाह सुटतो. नांगर एखाद्या मोठ्या तरंगत्या खोडात अडकला असेल, प्रवाहानं खोड ओढलं, खोडानं बोट. मी म्हणाले, "आणि वळलं कसं? तात्यांनी आधी सांगितलं तिथंच?" म्हणाले, योगायोग. मी म्हणाले, "आणि माती?" त्यावर हे हाताचं प्लास्टर चाचपत म्हणाले, "माती मी बघितली असती तर बोललो असतो." त्यानंतरही मी शिकल्या-सवरल्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं गाळात हवेची पोकळी असते, कुणी म्हणालं बाई, तुम्ही घाबरला होतात. घाबरले होते, मान्य. पण घाबरल्यानं ओली माती कोरडी होते का?

आखितीला बैठक बसली ती काठावरच, मी बोटीतच बसले होते. संपत नवा शर्ट घालून आला होता. विषय निघाला आणि कुणी तरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "सुभेदार म्हणतात तसं अँकर म्हणूया, म्हंजे वाद मिटला. काय तात्या?"

तात्यांनी धोतराच्या सोग्यातून हळदकुंकवाची पुडी काढली. उठले, चिखलातून बोटीपर्यंत गेले, त्या गुळगुळीत झाकणावर चढताना घसरले, आणि या वेळी त्यांनी माझा हात धरला. मागं जाऊन नांगराला हळदकुंकू लावलं, जसं पेरणीआधी औताला लावतात. संपत म्हणाला, "आवं मामा, बाईच्या हातचा हाय त्यो—"

"तुज्या आजीच्या हातचा बी हुता," तात्या म्हणाले. "आन् अँकर कुणी म्हणायचं न्हाई. नांगर हाय त्यो."

मग पाण्याकडं तोंड करून आईचं नाव घेतलं त्यांनी, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. वाडीतल्या कित्येकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. ते मी इथं लिहीत नाही. ते त्यांच्या घरचं आहे.

पुढं ह्यांचा हात बरा झाला, पण बोट मीच चालवली, गुडघे साथ देत होते तोवर. त्या खाडीत शेकड्यांनी वेळा नांगर टाकला असेल. चिखल आला, गाळ आला, एकदा कुणाची तरी चप्पल आली. कोरडी माती पुन्हा कधी आली नाही. पाणी तितकं खाली उतरतच नाही, त्यामुळं तळाशी काय आहे ते कुणी बघितलेलं नाही. मलाही बघायचं नाही. काय होतं, कुणी ओढलं, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचं सोंग मी करणार नाही. भूत म्हणणार नाही, कारण मला कुणी भेवडावलं नाही. योगायोगही म्हणणार नाही, कारण दोरी माझ्या हातात होती, तुमच्या नव्हे.

आता आम्ही परत साताऱ्यात राहतो. बोट विकली, नांगर ठेवलाय. दाराशी, चपला काढतात तिथं. पावसाळ्यात गंजतो, दिवाळीला मी घासते. घरी येणाऱ्या बाया विचारतात, हे काय हो, कशाचं? कुणी हात लावायला जातात आणि हात आखडतात. सवयच असते आपल्याला. मी म्हणते, नांगर आहे तो. उचला.